वछेरीला (कोवळ्या घोडीला) तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळला की उधळते, पाठीवर बसायची सुरुवात कशी करू?

अनेरकाठ:

राम राम मंडळी, प्रश्न जरा लांबला आहे पण पूर्ण वाचा, अर्धवट वाचून सल्ला देणारे गावात भरपूर आहेत.

मागच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून एक वछेरी आणली. काठेवाडी म्हणून घेतली, कुमैत (तांबूस तपकिरी) रंग, कपाळावर पट्टा, मागचे दोन पाय पांढरे. विकणारा म्हणाला तीन वर्षं पूर्ण, शेजारच्या तंबूतला म्हणाला दोन बी नाही, काका म्हणाले दात बघ, मी दात बघितले आणि मला काय कळलं तर घंटा. घरी बैल आहेत, म्हशी आहेत, घोडं पहिल्यांदाच. आजोबांकडे एक तट्टू होतं म्हणतात, त्याच्यावर बसून चोपड्याच्या बाजाराला जायचे, पण ते मी फक्त ऐकलेलं.

आता दहा महिने झाले. म्होरकी घालू देते, पाय उचलू देते (मागचा डावा देताना नाटक करते), खरारा केला की डोळे मिटून उभी राहते, आणि मी विहिरीवर गेलो की कुत्र्यासारखी मागे मागे येते. दसऱ्याला ट्रॅक्टरसोबत हिची पण पूजा केली, हळदकुंकू लावताना हलली नाही. पाठीवर घोंगडी टाकली तरी काही नाही. पण घोंगडीवरून पट्टा घेऊन पोटाखालून आवळला की खेळ खलास. आधी दम धरून दगडासारखी उभी राहते, पाठीला कमान येते, शेपूट दाबून धरते आणि मग एकदम उड्या. दोन वेळा दावं तोडलं.

कारण मला माहीत आहे, लपवत नाही. आखाजीनंतर ओळखीतला एक जण म्हणाला दोन दिवसात बसवून देतो, त्याचं कामच वरातीच्या घोड्यांचं. नदीच्या वाळूत नेली, युरियाच्या रिकाम्या गोणीत वाळू भरली आणि पाठीवर टाकून दोरीने बांधली. पंधरावीस पावलं नीट चालली, मग गोणी सरकली आणि पोटाखाली लोंबायला लागली. पुढचं काय सांगू, वाळूतून निघाली ती कोणाच्या तरी केळीत घुसून तारेच्या कुंपणाला अडकून थांबली. पुढच्या पायाच्या मागे काखेत दोरीने सालटं निघालं होतं, ते महिनाभर भरत होतं. त्यात चूक माझीच, मी उभा राहून बघत होतो आणि व्हिडिओ काढत होतो.

तेव्हापासून नुसतं सांभाळतोय. आता या वर्षीच्या सारंगखेड्याच्या जत्रेला हिच्यावर बसून जायचं असं डोक्यात आहे, दोन महिने हातात आहेत. वय बसायला झालं का? तंगाची भीती जाईल का? आणि पहिल्यांदा पाठीवर नेमकं कसं चढायचं? माझं वजन 84 आहे, विचारतीलच म्हणून आधीच सांगतो.

---

गोमाईकाठचे_आबा:

भाऊ, व्हिडिओ काढत होतो हे कबूल केलं म्हणून उत्तर देतोय, नाहीतर अशा पोस्टी मी सोडून देतो.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, तुमच्या वछेरीला वजनाची भीती नाहीये. घोंगडी चालते, हात चालतो, पूजा चालते. तिला भीती आहे ती पोटाला धरून ठेवणाऱ्या गोष्टीची, जी सुटत नाही आणि पळालं तर मागे मागे येते. जनावराच्या हिशोबाने वाघ पोटाला लागला होता तिच्या. म्हणून बसायचं कसं हा प्रश्न आज नाहीच, आजचा प्रश्न तंगाचा आहे. तो सुटला तर बसणं हे शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम आहे, तो नाही सुटला तर कोणी पण बसवा, ती पाडणार.

आमच्याकडे असं करायचे. घरात खाटेची जुनी निवार असेल ना, चांगली रुंद, ती घ्या. दोरी नको, चामड्याचा पट्टा पण आत्ता नको. एका माणसाने म्होरकीची दोरी हातात धरायची, कुठे बांधायची नाही. बांधलेलं घोडं घाबरलं की मागे ओढतं, दावं तुटलं की शिकतं की ओढलं की सुटतं, हे तुमच्याकडे दोनदा झालेलं आहे. आणि दोरी हाताला गुंडाळायची नाही बरं का, कधीच नाही, घडी करून मुठीत धरायची. बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

मग निवार पाठीवरून टाकून दुसरं टोक पोटाखालून घ्यायचं आणि गाठ न मारता दोन्ही टोकं एका मुठीत धरायची. थोडं ओढायचं. ती दम धरेल, कान मागे नेईल. तेवढंच ओढ ठेवून थांबायचं, वाढवायचं नाही, सोडायचं पण नाही. कधी ना कधी ती श्वास सोडेल, नाक फुरफुरेल, मान खाली येईल. त्याच क्षणाला सोडायचं. ती उड्या मारत असताना सोडलं तर उड्यांनी सुटतं हे शिकेल, शांत झाल्यावर सोडलं तर शांत राहिल्याने सुटतं हे शिकेल. फरक एवढ्याचाच आहे. आणि फार झालंच तर हातातून निवार सोडून द्या, गाठ नाही म्हणून ती गळून पडेल, पोटाला लटकणार नाही. म्हणून तर गाठ मारायची नाही म्हटलं.

हे दिवसातून दोनदा, दहा दहा मिनिटं. आठ दिवस लागतील नाहीतर वीस. मग निवार बांधून चार पावलं चालवायची, मग थोडी आवळायची, परत चालवायची. एकदम शेवटच्या भोकापर्यंत तंग ओढणारे लोक असतात, त्यांना स्वतःच्या पॅन्टचा पट्टा जेवण झाल्यावर तसा आवळून बघायला सांगा.

बाकी नंतर लिहितो, लाईट जायची वेळ झाली.

---

पशुवैद्य_धुळे:

आबांनी लिहिलं त्यात मला जास्त भर घालायची नाही, पण सुरुवातीलाच एक बघून घ्या की हे फक्त भीतीचं आहे की दुखतंय पण. काखेतला व्रण हाताने चाचपा, तिथे गाठ किंवा ताठर कातडी राहिली असेल तर तंग त्याच्यावरच बसतो. दुसरं म्हणजे पोटात अल्सर असला तरी घोडी तंग आवळताना चावायला येते किंवा पाठ फुगवते. चंदी (दाणा) जास्त आणि कडबा कमी, पोट तासन् तास रिकामं, असं असेल तर शक्यता वाढते. काय आणि किती खायला देता ते लिहा.

वयाबद्दल. खालच्या जबड्यात पुढे बघा. मधले दोन दुधाचे दात साधारण अडीच वर्षाला पडून मोठे येतात, त्यांच्या बाजूचे साडेतीनला, कोपऱ्यातले साडेचारला. पाच वर्षाला तोंड भरतं. मधले दोन मोठे वर आलेत आणि बाजूचे अजून बारीक दुधाचे आहेत किंवा हलतायत, असं असेल तर तीन ते साडेतीनच्या मध्ये कुठेतरी.

त्या वयाला हलकं काम चालतं. हाडांची वाढ खालून वर पूर्ण होत जाते, खुराजवळची हाडं आधी, पुढच्या गुडघ्याजवळची दोन अडीच वर्षांच्या आसपास, आणि पाठीचे मणके सगळ्यात शेवटी, पाच वर्षं उलटल्यावर. म्हणजे आपण जिथे बसतो तीच जागा सगळ्यात उशिरा पक्की होते. शर्यतीचे घोडे दोन वर्षांचे पळवतात हे खरं आहे, पण ते आपल्याला अनुकरण करायचं उदाहरण नाही.

आता 84 किलो. वछेरीचं वजन टेपने काढा. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11880, उत्तर किलोत. त्याच्या वीस टक्क्यांच्या आत बसणारा माणूस आणि खोगीर मिळून यायला पाहिजे असा ढोबळ नियम आहे, आणि कोवळ्या जनावराला पंधरा टक्के धरा.

लगाम लावायच्या आधी तोंड पण दाखवा कोणाला तरी. दाढांच्या पुढे एक बारीक दात असतो काही घोड्यांना, त्याला लगामाचं लोखंड लागलं की मान झटकतात आणि लोक म्हणतात घोडी हट्टी आहे. धनुर्वाताची लस झाली नसेल तर पहिलं ते करा, तारेच्या कुंपणात गेलेल्या जनावराची तर तेव्हाच करायला हवी होती.

---

बॅन्डबाजा_किंग:

काय एवढं लाड चाललंय राव. आम्ही वर्षाला पाच सात घोडी तयार करतो. नांगरटीत घाला, खोल ढेकळात, काटेरी लगाम लावा आणि हलकं पोरगं बसवा. घोडी दमली की उड्या आपोआप बंद. दोन तासात काम. निवार, टेप, दात, हे करत बसले तर जत्रा पुढच्या वर्षीची येईल. डीजेजवळ बांधून ठेवा आठ दिवस म्हणजे आवाजाची पण भीती जाते.

---

खोगीरभरती:

फोटो टाका, अंगावरच्या केसांच्या भोवऱ्या बघू द्या आधी. चुकीच्या जागी भोवरा असेल तर काही करून उपयोग नाही.

---

जळगावकर_ताई:

किंग दादा, दमलेली घोडी उभी राहते कारण तिच्यात ताकद उरलेली नसते, तिला पटलेलं असतं म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी पोटभर खाऊन ताजी झाली की प्रश्न परत तिथेच. तुमची घोडी वर्षानुवर्षं वरातीला चालतात ती माणसांच्या गर्दीत दोन्ही बाजूने धरलेली असतात, यांना एकट्याने शेतशिवारात फिरायचंय, दोन्हीत फरक आहे. आणि काटेरी लगामाला जनावरांच्या छळाविरुद्धच्या 1965 च्या नियमांपासून बंदी आहे, कायदा सोडा, तोंडात जखम झालेली घोडी पुढे आयुष्यभर लगाम पकडून पळते, ते वेगळं. ढेकळात खोल पाय जाऊन कोवळ्या शिरा ताणतात ते पण डॉक्टर सांगतील. नांगरटीत पडलं तर कमी लागतं एवढं एक मात्र खरं आहे, मऊ जमीन पाहिजेच.

आवाजाचं म्हणाल तर सवय करायला हवी, पण डीजेजवळ बांधून नाही. तिला दुरून ऐकू येईल अशा ठिकाणी चारा टाकायचा आणि रोज पाच दहा पावलं जवळ. ऊसाच्या ट्रॉल्या, एसटी, कुत्री, प्लॅस्टिकची उडणारी पिशवी, हे सगळं पायी फिरवतानाच दाखवून घ्यायचं. पाठीवर बसून पहिल्यांदा ट्रॉली दाखवू नका.

आता अनेरकाठ दादांचा तिसरा प्रश्न राहिलाय सगळ्यांचा, चढायचं कसं. मी नाशिकला शिकले, चार कोवळी घोडी सुरू केली आहेत, त्यातल्या दुसऱ्यावर माझं गळ्याजवळचं हाड मोडलं, ते का मोडलं ते सांगते म्हणजे तुमचं वाचेल.

घोड्याचे डोळे बाजूला असतात, त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त नाकाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या बरोबर मागचं सोडून. पाठीवर आपण सरळ बसलो की त्याला दोन्ही डोळ्यांच्या कडेने एक उंच काहीतरी डोक्यावर उभं दिसतं. आयुष्यात पहिल्यांदा. माझी घोडी आडवं पडू द्यायची, पाय टाकू द्यायची, सगळं छान, म्हणून मी खुशीत झटकन ताठ बसले. पुढचं मला ॲम्ब्युलन्समध्ये आठवतं.

म्हणून हे तुकड्या तुकड्यात. आधी एखाद्या ओट्यावर किंवा गवताच्या गंजीजवळ तिला उभी करून तुम्ही तिच्यापेक्षा उंच उभे राहा, नुसते उभे, वरून हात फिरवा. दोन्ही बाजूंनी, कारण डाव्या बाजूने शिकलेलं उजव्या बाजूला नवीन वाटू शकतं तिला. मग जागेवर उड्या मारा, तिच्या शेजारी, जमिनीवर. वेडेपणा वाटेल, पण चढताना आपण जे करतो तेच आहे ते. मग पोटावर आडवं पडायचं पाठीवर, गोणीसारखं, पण ही गोणी सरकली तर स्वतः उतरू शकते. दोन श्वास, खाली. परत. कोणीतरी डोक्याजवळ पाहिजेच, आणि तो माणूस तिच्या ओळखीचा पाहिजे. आडवं पडलेलं असताना चार पावलं चालवायचं. मग एक दिवस पाय पलीकडे टाकायचा, तिच्या पाठीवर टाच घासली न जाता, आणि मानेवर वाकलेलंच राहायचं. हळूहळू, इंच इंच, सरळ व्हायचं. ती कान फिरवून बघेल, बघू द्या. मग उतरायचं. त्या दिवशी तेवढंच. जास्त लोभ केला की मागचे पंधरा दिवस वाया.

रिकिबी सुरुवातीला नकोच, आणि लावल्या तर चपटी चप्पल घालून पाय अडकवू नका, टाच असलेला बूट घाला. आणि हेल्मेट, बाईकचं पण चालेल नसल्यापेक्षा. फेट्याने डोकं वाचत नाही.

---

अनेरकाठ:

सगळ्यांचे आभार, किंगभाऊंचे पण. आज टेप घेऊन बसलो. घेर 160, लांबी 143. हिशोब केला तर 308 किलो. म्हणजे वीस टक्के 61 आणि पंधरा टक्के 46. मी 84, वर खोगीर आठ नऊ किलोचं. बायको म्हणाली तू सोड, घोडीच तुझ्यावर बसेल. 😄

दात डॉक्टरांनी सांगितलं तसेच, मधले दोन मोठे, बाजूचा एक हलतोय. म्हणजे सारंगखेड्यात तो "तीन पूर्ण" म्हणणारा गंडवत होता, तेव्हा अडीचच होती.

खायला: दादर ज्वारीचा कडबा सकाळ संध्याकाळ, आणि भिजवलेले हरभरे तीन किलो दोन वेळचे मिळून. काकांनी सांगितलं घोड्याला चणे पाहिजेतच. मधल्या वेळात काही नाही, दुपारी रिकामी उभी असते.

माझा मावसभाऊ आहे, 52 किलो, पोलीस भरतीची तयारी करतो, पहाटे पाचला रोज पळतो, पडला तरी उठेल. त्याला तयार केलंय.

खोगीरभरती भाऊ, भोवरे देवाच्या हातात आहेत, तंगाचं बोला.

---

पशुवैद्य_धुळे:

तीन किलो हरभरे आणि काम शून्य! अहो तुम्ही बंदुकीत दारू भरताय आणि मग म्हणताय आवाज होतो. एक किलोवर आणा, आठवडाभरात हळूहळू, एकदम नाही. कडबा बारीक करून तीन चार वेळा द्या, दुपारी रिकामं पोट ठेवू नका, मिठाचा खडा समोर टांगा. आणि काम सुरू झाल्यावर ज्या दिवशी सुट्टी त्या दिवशी चंदी निम्मी. सुट्टीच्या दिवशी पूर्ण खुराक आणि दुसऱ्या दिवशी एकदम काम, यात घोड्याचे मागचे स्नायू लाकडासारखे ताठरतात, लघवी कॉफीसारखी होते, तो प्रकार जिवावर बेततो.

---

गोमाईकाठचे_आबा:

लाईट आली. मधलं राहिलेलं सांगतो, कारण ताईंनी चढायचं फार छान सांगितलं पण तंग आणि चढणं याच्यामध्ये एक मोठी पायरी आहे आणि ती तुम्हाला आधीपासून येते, फक्त तुम्हाला माहीत नाही. बैलाला कासऱ्यावर चालवता ना? तेच.

निवार शांतपणे बांधू द्यायला लागली की निवारीला दोन्ही बाजूंनी कड्या शिवून घ्या. दोन लांब दोऱ्या म्होरकीच्या दोन्ही बाजूला बांधून त्या कड्यांतून मागे काढा आणि मागून चालवा. लगाम नाही, तोंडात काही नाही. बरोबर मागे उभं राहायचं नाही, आठ दहा फूट लांब आणि जरा एका अंगाला, म्हणजे तिला तुम्ही दिसाल आणि लाथ पोचणार नाही. दोऱ्या मागच्या पायांना लागतील, लागू द्या, पण आधी हाताने तिथे दोरी फिरवून सवय केलेली असू द्या. "चल" म्हटलं की चालायचं, "हो" म्हटलं की थांबायचं, डावीकडे, उजवीकडे, बांधावरून, पाटातून, गावाच्या रस्त्याने. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. पाठीवर बसायच्या आधी घोडीला थांबणं आणि वळणं आलेलं असलं की बसणाऱ्याला काही शिकवावं लागत नाही, तो फक्त आवाज ओळखीचा काढतो. गोल गोल दोरीवर पळवण्यापेक्षा हे कोवळ्या पायांना बरं, छोट्या गोलात सांध्यांवर ताण येतो.

घोडी तयार करणारे जुने चाबूकस्वार हेच करायचे. आमच्या वडिलांनी एक घोडी पाच महिने कासऱ्यावर फिरवली, लोक हसायचे की नांगराला जुंपणार का. बसले त्या दिवशी ती थेट तापीपर्यंत गेली आणि परत आली, एक उडी नाही.

ऊन आता कमी होतंय, थंडीचे हे तीन चार महिनेच आपल्या भागात कामाचे. मार्चनंतर सकाळी आठच्या आत आटपायचं नाहीतर सोडून द्यायचं.

---

बॅन्डबाजा_किंग:

आबा पाच महिने! आमचा सीझन तेवढाच असतो 🙏 पण कासऱ्याचं पटलं, करून बघतो एकीवर.

---

अनेरकाठ (सहा आठवड्यांनी):

सांगायला आलो, कोणी विचारलं नाही तरी.

पहिले आठ दिवस काहीच झालं नाही. निवार मुठीत धरायची, ती दगड व्हायची, मी दगड व्हायचो, मावसभाऊ पलीकडे उभा राहून मोबाईल बघायचा. नवव्या दिवशी तिने एवढा मोठा श्वास सोडला की मीच दचकलो. सोडली लगेच. त्यानंतर मग रोज आधीपेक्षा लवकर. मध्ये एकदा माझी घाई झाली, गाठ मारली, कारण वाटलं आता जमलं. तिने दोन उड्या मारल्या, पण पळाली नाही, उभी राहून माझ्याकडे बघायला लागली. मी पण बघितलं. गाठ सोडली, चार दिवस मागे गेलो.

हरभरे कमी केल्याचा फरक खरंच पडला, काका आठ दिवस बोलत नव्हते माझ्याशी.

कासऱ्यावर दहा दिवस फिरवली. गावात बघणारे म्हणायला लागले हिला वखराला लावणार काय. पाटावरून जाते, ट्रॉलीजवळ थांबते, बसस्टॅण्डपर्यंत गेलो होतो. कुत्र्यांना घाबरत नाही, उलट त्यांच्या मागे जाते. फक्त डावीकडे वळायला त्रास, उजवीकडे लोण्यासारखी वळते, डावीकडे मान वळते पण अंग सरळच जातं.

मावसभाऊ आडवा पडला, तो दिवस रविवार होता, पूर्ण खळं भरलं बघायला. मी सगळ्यांना हाकललं. ताईंनी सांगितलं तसं आडवा, दोन श्वास, खाली. तिसऱ्या दिवशी पाय टाकला. वाकून होता, मानेला मिठी मारल्यासारखा, आणि मी म्होरकी धरून होतो. हळूच सरळ झाला. वछेरीने एक कान त्याच्याकडे, एक माझ्याकडे. मी म्हटलं "चल". ती चालली. सोळा पावलं मोजली मी, मोजण्याशिवाय मला काही सुचत नव्हतं. "हो" म्हटलं, थांबली, तो उतरला आणि म्हणाला दादा, माझे पाय थरथरतायत, सोळाशे मीटर पळून असे थरथरत नाहीत.

काल तंग लावला, खरा, खोगिरासकट. पहिलं भोक, चालवली. दुसरं भोक, चालवली. पाठ फुगली नाही.

जत्रेला हिच्यावर बसून जायचं अर्थातच राहिलं. परवा बाईकवर जातोय, दत्ताचं दर्शन घेऊन रुंद सुती तंग मिळतो का बघतो. डावीकडच्या वळणाचं कोणी सांगा.

---

गोमाईकाठचे_आबा:

वा! शाब्बास.

डावीकडचं सोपं आहे. तुम्ही रोज तिला डाव्या अंगाने धरून चालता ना? सगळेच चालतात. तिला तुम्ही डावीकडे भिंतीसारखे सवयीचे झालात. पंधरा दिवस उजवीकडून धरून चालवा, खाऊ घालताना पण उजवीकडे उभे राहा. आणि तो हलणारा दात कोणत्या बाजूला आहे ते बघा, डावीकडे असेल तर त्या बाजूला तोंड दुखत असेल.

सुती तंग बाजारात नदीकडच्या रांगेत बघा, आतल्या दुकानांत चकचकीत देतात, शिवण कच्ची असते. शिवण ओढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

---

अनेरकाठ:

आत्ता जाऊन बघितलं. दात डावीकडचाच आहे.